कापसाचा ओलावा मोजतात, मोटारीचा कोण मोजणार?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले. आता अर्धा तास आम्ही एका वेगळ्या मोजमापावर बोलणार आहोत. विषय विजेचा आहे आणि आम्ही काही वीजतज्ज्ञ नाही. शेतकी कॉलेजात मातीचा ओलावा मोजायला शिकलो, बियाण्याचा शिकलो, धान्याचा शिकलो. विहिरीवरच्या मोटारीचाही ओलावा मोजायचा असतो, हे तिथे कोणी सांगितले नाही. ते कळायला आमच्या गोठ्यातला एक बैल जावा लागला.

आधी कापसाकडे बघू. गाडी खरेदी केंद्रावर लागली की ग्रेडर येतो, यंत्राचा दांडा कापसात खुपसतो आणि आकडा वाचतो. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कपात आणि १२ च्या पुढे गेला की गाडी परत. त्या आकड्यावर आपण भांडतो. दुसऱ्या जागी खुपसा म्हणतो, यंत्र बदला म्हणतो. हक्काने म्हणतो, कारण आकड्यामागे घरचा पैसा आहे.

पण ते हातातले यंत्र करते तरी काय? कापसातून विजेला किती वाट मिळते ते बघते. कोरडा कापूस विजेला अडवतो, ओला कापूस वाट देतो. वाट जितकी मोकळी, तितका ओलावा जास्त. यंत्राच्या पोटात यापेक्षा मोठी विद्या नाही.

आता मोटारीकडे या. मोटारीच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्या तारेवर काहीतरी आवरण लागते, नाहीतर वीज लोखंडी अंगात उतरेल. एके काळी हे आवरण कापसाचेच असे. तांब्याच्या तारेवर सुताचे दोन पदर गुंडाळत, आणि सूत ओलावा धरते म्हणून त्याला व्हार्निश पाजत. आज सुताची जागा इनॅमलने आणि प्लॅस्टिकने घेतली आहे. काम मात्र तेच राहिले आहे. वीज तांब्यात ठेवायची, ती लोखंडात, पाण्यात किंवा माणसात जाऊ द्यायची नाही. या आवरणाला इन्सुलेशन म्हणतात. ते विजेला किती अडवते, त्याला इन्सुलेशनचा रोध म्हणतात. आणि तो मोजायचे यंत्र म्हणजे मेगर. ग्रेडर कापसात दांडा खुपसून जे करतो, तेच वायरमन मेगर लावून मोटारीचे करतो. फरक एवढाच की कापसाचा आकडा चुकला तर भाव जातो, मोटारीचा आकडा चुकला तर जीव जातो.

आमच्या विहिरीवर काय झाले

गोष्ट २०१४ सालची. त्या वर्षी पावसाने दगा दिला हे तुम्हाला आठवत असेल. मार्गशीर्षातच काळी जमीन भेगाळली होती. विहिरीत पाच हॉर्सपॉवरची पाण्यातली मोटार होती. होते नव्हते ते पाणी ज्वारीला आणि जनावरांना देत होतो.

महिनाभर आधीपासून डिलिव्हरी पाइपाला हात लागला की झिणझिण्या येत. घरात सगळ्यांना हे माहीत होते. वडील म्हणायचे, हात उलटा लावून बघा. भाऊ म्हणायचा, थोडा करंट आहे, चालते. आम्ही बूट घालून जात होतो. आमचा सालदार अनवाणी जात होता. हे सांगताना आजही आमची मान खाली जाते.

एका सकाळी सालदाराने बैल हौदावर नेले. पाणी पाइपातून पडत होते. एका बैलाने हौदात तोंड घालण्याऐवजी पाइपालाच तोंड लावले आणि जागेवर कोसळला. सालदाराच्या हातात त्याचा कासरा होता. कासरा सुताचा होता आणि कोरडा होता, म्हणून माणूस वाचला. पावसाळ्यात हीच गोष्ट झाली असती आणि कासरा भिजलेला असता, तर आज आम्ही त्याच्या बायकोपुढे कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो?

तालुक्याच्या गावाहून आयटीआयचे एक शिक्षक मेगर घेऊन आले. त्यांनी वीज तोडली, केबलची टोके स्टार्टरमधून सोडवली आणि मेगरची एक वायर टोकाला, दुसरी पाइपाला लावून हँडल फिरवले. काटा शून्यावर. म्हणजे केबलमधली वीज आणि पाइप यांच्यामध्ये अडवणारे काहीच उरले नव्हते.

आम्ही म्हणालो, मोटार गेली, रिवाइंडिंगला टाका. ते म्हणाले, थांबा, आधी वाटणी करू. मोटार वर काढली, केबलचा जोड खोलला, दोन्ही वेगवेगळे तपासले. मोटारीने २० मेगाओहम दाखवले. मोटार ठणठणीत होती. मग केबलचे वेटोळे पाण्याच्या ड्रममध्ये बुडवले, दोन्ही टोके कोरडी बाहेर ठेवली, आणि मेगर लावला. शून्य. बोटाने चाचपडत गेलो तेव्हा जागा सापडली. केबल पाइपाला बांधायला आम्हीच लोखंडी तार वापरली होती. मोटारीच्या हादऱ्याने ती तार केबलचे आवरण कापत कापत तांब्यापर्यंत पोचली होती. चूक आमच्या हातची, नुकसान चार हात केबलचे, आणि किंमत एका बैलाची.

फ्यूज का उडाला नाही?

गावात सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. एवढा करंट उतरला तर फ्यूज का उडाला नाही? याचे उत्तर नीट समजून घ्या, कारण फ्यूज आपल्याला वाचवील या भरवशावर आपण अख्खे आयुष्य काढतो.

फ्यूज अँपिअरची भाषा समजतो. माणूस अँपिअरच्या हजाराव्या भागाने मरतो, त्याला मिलिअँपिअर म्हणतात. माणसाला वाचवायला जे गळतीचे स्विच बसवतात, ते ३० मिलिअँपिअरला वीज तोडतात. १५ अँपिअरच्या फ्यूजला ही गळती दिसतसुद्धा नाही.

हिशेब सोपा आहे. एका फेजचा जमिनीशी दाब साधारण २४० व्होल्ट. इन्सुलेशनचा रोध १ मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम असेल, तर गळती पाव मिलिअँपिअरच्याही आत राहते. तोच रोध ओलाव्याने, उंदराने, घासण्याने उतरत दहा हजार ओहमवर आला, तर गळती २४ मिलिअँपिअर होते. मोटार फिरतच असते, पाणी पडतच असते. पाइपाला हात लावणाऱ्याला मात्र झिणझिण्या येऊ लागतात. ही झिणझिणी म्हणजे मोटारीने पाठवलेली पहिली नोटीस आहे. आम्ही ती महिनाभर फाडून टाकत होतो.

मग अर्थिंग कशाला असते, असे तुम्ही म्हणाल. अर्थिंगची दांडी आमच्याकडेही होती. इथे आमची शेतकी विद्या कामी आली. आपल्या काळ्या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. म्हणून तर भेगा पडतात. ज्या वर्षी जमिनीला हात जाईल एवढी भेग पडते, त्या वर्षी तीच भेग अर्थिंगच्या दांडीभोवतीही पडते. माती दांडी सोडते आणि मध्ये हवा राहते. समजा अर्थिंगचा रोध ४० ओहम झाला, तर अख्खा फेज पाइपाला चिकटला तरी जमिनीत ६ अँपिअरच जातील. १५ अँपिअरचा फ्यूज स्वस्थ बसेल आणि पाइप जिवंत राहील. आमच्या किटकॅटमध्ये तर फ्यूजवायरच्या जागी जाड तांब्याची तार होती, तेव्हा फ्यूजची गोष्टच सोडा. बिनपावसाच्या वर्षी पीक जाते हे आपल्याला ठाऊक होते. अर्थिंगही जाते, हे आम्ही त्या वर्षी शिकलो.

कागदावरचा आकडा

बैलाला मूठमाती दिली आणि घरी येऊन आम्ही वीजजोडणीचे कागद काढले. जोडणी घेताना ठेकेदाराने सही केलेला टेस्ट रिपोर्ट त्यात होता. इन्सुलेशनच्या रकान्यात छान आकडा लिहिलेला होता. खाली आमच्या घरची सहीही होती. पण जोडणीच्या दिवशी आमच्या विहिरीवर मेगर आलेला घरात कोणालाच आठवत नव्हता. आकडा मोजलेला नव्हता, भरलेला होता.

कायदा काय सांगतो? १९५६ च्या भारतीय वीज नियमांत स्पष्ट होते की जोडणी देण्याआधी गळती तपासावी. कमी आणि मध्यम दाबाच्या जोडणीत प्रत्येक जिवंत तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब १ मिनिट द्यावा आणि रोध निदान १ मेगाओहम भरावा. जोडणी झाल्यावरही ५ वर्षांपेक्षा जास्त अंतर न ठेवता तपासणी व्हावी. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. जोडणीआधी गळती तपासायचे बंधन सुटलेले नाही. पुढच्या काळात एक बदल मात्र झाला. ठरावीक दाबाखालच्या जोडण्यांची तपासणी मालकाने करून घ्यायची आणि त्यानेच तसे प्रमाणपत्र द्यायचे, अशी पद्धत आली.

याचा साध्या भाषेत अर्थ असा की तुमच्या विहिरीवर मेगर घेऊन आपणहून कोणी येणार नाही. अपघात झाल्यावर मात्र पंचनाम्याला सगळे येतील, आणि तुमची सही दाखवतील. काटा मारला तर आपण अडत्याला जाब विचारतो. मग जिवाच्या मापात कोणी न मोजता आकडा भरला, तर त्यावर आपण सही का करतो?

मोजणी कशी करून घ्यायची

मोजणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आम्ही तुम्हाला हँडल फिरवायला सांगत नाही. शेजारी उभे राहून काटा वाचायला सांगतो. त्यासाठी काय बघायचे ते ऐका.

पहिली गोष्ट वीज बंद करण्याची. नुसते स्टार्टरचे बटण दाबून भागत नाही. मेन स्विच पाडा, तिन्ही ग्रीप काढून स्वतःच्या खिशात ठेवा, मग टेस्टरने तिन्ही फेज तपासा. ऑटो स्विच असेल तर तो आधी बंद करा. लाईन गेलेली आहे म्हणून हात घालणारा आणि लाईन आल्याबरोबर मोटार सुरू करणारा ऑटो स्विच, या दोघांची गाठ पडली की काय होते ते इथे बसलेल्या अनेकांनी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट, मोटारीची केबल स्टार्टरमधून सोडवायची. ती जोडलेलीच ठेवली तर आकडा कोणाचा, मोटारीचा की पेटीचा, हे कळत नाही. स्टार्टरपेटीत इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर त्याला मेगरचे ५०० व्होल्ट सोसत नाहीत, तेही जळते. ज्यांच्याकडे सौर पंप आहे त्यांनी जास्त जपावे. त्याच्या कंट्रोलरला मेगर लावायचा नाही. आणि ऊन आहे तोवर पॅनल वीज बनवतच राहते, खटका पाडल्याने ती थांबत नाही. ते काम त्या पंपाच्या माहितगारावरच सोपवा.

तिसरी गोष्ट, मेगर ५०० व्होल्टचाच हवा. हाताने फिरवायचा असेल तर हँडल एकसारखे फिरवायचे, मिनिटाला साधारण १६० फेरे, आणि पूर्ण एक मिनिट. एक वायर केबलच्या टोकाला, दुसरी मोटारीच्या अंगाला किंवा पाइपाला. अंगावरचा रंग आणि गंज खरवडून लावा, नाहीतर खोटा चांगला आकडा मिळतो. त्या मिनिटात कोणी टोकाला हात लावू नये, मेगरचाही झटका बसतो. काटा नुसता बघू नका, त्याची चाल बघा. आवरण निरोगी असेल तर काटा हळूहळू वर चढतो. ओल असेल तर जागेवर घुटमळतो किंवा खाली येतो.

आता आकड्याचा अर्थ. चांगल्या नव्या मोटारीचा काटा शेकड्यात जातो. आपल्या ४१५ व्होल्टच्या मोटारीला जुन्या जाणत्यांचा हिशेब आहे, हजार व्होल्टमागे एक आणि वर आणखी एक, म्हणजे साधारण दीड मेगाओहम. त्याच्या खाली आली तर मोटार सुरू करू नका. १ च्या खाली तर नियमानेच बाद.

पण एका आकड्यावर निकाल देऊ नका. गेल्या वर्षी २००, औंदा ८, हे ८ अजून पास आहेत म्हणून आनंद मानू नका. ही उतरण आहे, आणि तिच्या तळाशी शून्य आहे. सलग तीन वर्षांचे आकडे वहीत असले तर मोटार कधी दगा देईल याचा अंदाज आधीच लागतो. मोजणी नेहमी थंड मोटारीवर, सकाळी करा. वेढे १० अंशांनी तापले की रोध साधारण निम्मा होतो. सकाळी २५ अंशांवर ४० दाखवणारी मोटार चालून ५५ अंशांवर गेली की ५ दाखवील. म्हणून आकड्याशेजारी तारीख, वेळ आणि हवा लिहा. पावसाची नोंद ठेवता तशीच ही नोंद.

आकडा कमी आला म्हणजे मोटार गेली असेही नाही. आमची गोष्ट लक्षात ठेवा. केबल वेगळी, मोटार वेगळी, स्टार्टर वेगळा, अशी वाटणी करत दोष शोधा. काठावरची मोनोब्लॉक मोटार पावसाळ्यात नुसती दमट झालेली असू शकते. ती उघडून उन्हात ठेवली, आत दिवा लावून मंद ऊब दिली, तर कित्येकदा आकडा परत येतो. ऊब लागल्यावर आकडा आधी थोडा उतरतो आणि मग चढतो, तेव्हा घाबरू नका. दमट मोटार तशीच सुरू केली तर मात्र वेढे जळतात आणि रिवाइंडिंगचे पैसे लागतात, तेही ऐन ओलिताच्या वेळी.

आणि एक विसरू नका. मेगर इन्सुलेशन सांगतो, अर्थिंग सांगत नाही. अर्थिंगची मोजणी वेगळ्या यंत्राने होते. तीही त्याच दिवशी करून घ्या, आणि उन्हाळ्यात दांडीभोवती आठवड्याला घागरभर पाणी ओता.

काय करायचे ठरवू या

आमची सूचना अशी आहे. एका शेतकऱ्याने मेगर विकत घेण्याची गरज नाही. दहा गावांच्या मंडळाने वर्गणी काढून एक घ्यावा. ज्या पोरांनी आयटीआय करून परवाना काढला आहे आणि जी गावात बसून आहेत, त्यांच्या हाती तो द्यावा, आणि विहिरीमागे त्यांना योग्य मजुरी द्यावी. फुकट मोजणी मागू नका. फुकटची मोजणी म्हणजे पुन्हा भरलेला आकडा.

दिवस कोणता? पोळ्याच्या आधी आपण बैलाचे खांदे शेकतो, मळतो, जखम आहे का बघतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा करतो, मोटारीलाही हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी मोटारीला मेगर लावा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, ओल जिथे शिरायची तिथे शिरलेली असते, आणि रब्बीचे ओलीत पुढे असते. मोजणीला यापेक्षा चांगला मुहूर्त पंचांगात नाही.

मोजणीच्या वेळी विहिरीवर कोण हजर असावे? नुसता सातबारावर ज्याचे नाव आहे तो नाही. जो रात्री बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जातो तो सालदार, आणि जी हौदावर धुणे धुते, पाणी भरते ती माउली. पाइपाला हात त्यांचा लागतो, म्हणून आकडा त्यांनी पाहिला पाहिजे. मायबहिणींनो, तुम्हाला पाइपाची झिणझिणी लागली आणि घरचा कर्ता म्हणाला, चालते, तर त्या दिवशी मोटारीचा खटका तुम्ही पाडा. ज्वारीला एक पाणी उशिरा मिळाले तर कणीस थोडे बारीक भरेल. त्यापेक्षा जास्त काही बिघडणार नाही.

आमचा तो सालदार पुढे चार वर्षे आमच्याकडेच होता. दर खंडेनवमीला मेगरचा काटा तो वाचायचा आणि वहीत आकडा आम्ही लिहायचो. पहिल्या वर्षी त्याने विचारले होते, "दादा, हे यंत्र आधी नव्हतं का?" यंत्र होते, भावांनो. तालुक्याच्या गावात, आयटीआयच्या कपाटात, आमच्या विहिरीपासून तासाभराच्या वाटेवर होते. आम्ही कधी विचारायला गेलो नव्हतो.

उद्या गावी परत जाल तेव्हा प्रत्येकाने एवढे करा. आपल्या जोडणीचा टेस्ट रिपोर्ट शोधा, त्यातला आकडा वाचा, आणि घरात विचारा की हा आकडा कोणी मोजताना पाहिला होता का. उत्तर नाही असे आले, तर पुढच्या बैठकीला येताना मेगरची वर्गणी घेऊन या.